दुसरी मूठ

सावेडी, शनिवार, २ डिसेंबर १९७२

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला रोज दैनंदिनी लिहायला लावत, इंग्रजीत. ती सवय मी आजवर पाळली. आज पहिल्यांदा या वहीत मराठीत लिहिते आहे. आईबद्दल इंग्रजीत लिहायला बसलं की ती कुणा दुसऱ्याचीच आई वाटू लागते.

आई जाऊन दीड महिना झाला. दसऱ्याला घट उठले, नऊ दिवसांचा उपास सोडून ती दोन घास जेवली आणि तिसऱ्या दिवशी गेली. तिचं वय कुणालाच नक्की ठाऊक नाही. प्लेगच्या साली ती पाळण्यात होती म्हणत, म्हणजे पंचाहत्तरीच्या आतबाहेर. मला तार मिळाली तेव्हा इथून जामखेडची शेवटची एसटी सुटून गेली होती. दुसऱ्या दिवशी पोचले तर राखच होती.

आज काकासाहेबाचं पत्र आलं. माझा धाकटा भाऊ, शेती तोच पाहतो. विहिरीनं तळ गाठलाय, निम्मी जनावरं छावणीला नेली, वगैरे लिहून शेवटी: ‘आईची अखेरची इच्छा होती की तिचे जाते लेकीला द्यावे. तरी सवडीने येऊन घेऊन जावे.’

लेकीला. ही तीन अक्षरं आज मी किती वेळा वाचली! आईनं मला जन्मात कधी पत्र लिहिलं नाही, तिला लिहिता येत नव्हतं. हेच तिचं पत्र समजते.

त्याखाली आणखी एक ओळ आहे: ‘गोजरअक्का तुमची फार आठवण काढते.’ ही ओळ नसती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी फाटकाशी एक बाई उभी होती, कडेवर मूल. दुष्काळामुळे पूर्वेकडची माणसं शहरात येऊ लागली आहेत. तिनं भाकर मागितली. मी सुटे पैसे दिले. घरात डबलरोटी होती, पण ती सकाळच्या नाश्त्याला हवी होती.


रविवार, ३ डिसेंबर

जातं कुठे ठेवायचं ते ठरवत होते. व्हरांड्यात, कृष्णकमळाच्या वेलाखाली छान दिसेल. मग वाटलं, ‘छान दिसेल’ म्हणजे काय? ती काय कुंडी आहे?

मी त्या जात्याचा आवाज ऐकतच सहा वर्षांची झाले. पहाटे अंधारात आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची, आणि ती दळायची. घरघर अंगातून जायची, मांजराला कुरवाळल्यावर होते तशी. पण मला सगळ्यात स्पष्ट आठवतो तो शेवटच्या दिवसाचा आवाज. तो तसा नव्हता.

वीस सालचा दुष्काळ. अप्पा, म्हणजे माझे चुलते, पुण्यात ओव्हरसियर होते. त्यांना मूल नव्हतं. ते म्हणाले, “पोरगी दुष्काळापुरती माझ्याकडे राहू द्या.” आदल्या रात्री मी भाकरीसाठी मोठा हट्ट केला होता, आईनं पाठीत धपाटाही घातला होता. सकाळी बैलगाडी दारात आली. वडील आले, शेजारणी आल्या. आई आली नाही. ती पडवीत जात्यावर बसली होती आणि दळत होती. मी हाका मारल्या. तिनं मान वर केली नाही. ओढ्यापर्यंत मला जात्याचा आवाज येत होता. कर्कश, दगडावर दगड आपटावा तसा. मला वाटलं, कालचा राग अजून गेला नाही हिचा.

दुष्काळ संपला. अप्पांनी मला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात घातलं होतं, पोरगी नाव काढते आहे, मग कशाला परत नेता, असं ते म्हणाले. असं करत मी कायमची तिकडचीच झाले; सावेडीच्या या घरी आले ती फार पुढे. कुणी वाईट वागलं नाही. लोणी, पाव, पियानो सगळं मिळालं. पण बावन्न वर्षं झाली, तरी एक गोष्ट मी आईला माफ करू शकलेले नाही. ती उठली नाही.


मंगळवार, ५ डिसेंबर

गोजरबद्दल लिहायचं टाळत होते. लिहूनच टाकते.

मी गेल्यावर पाच-सहा वर्षांनी पाथर्डीकडची एक बाई गावात खडी फोडायला आली आणि पटकीनं गेली. तिची तीन वर्षांची मुलगी आईनं घरी आणली. तीच गोजर. पुढे तिला गावातच दिली, पण विशीत विधवा होऊन ती परत आईपाशी आली ती कायमची.

मी चौदा वर्षांची असताना मे महिन्याच्या सुटीत घरी गेले होते. पांढरा फ्रॉक, पायात बूट. पडवीत पाहते तर आई दळते आहे आणि समोर ही चिमुरडी. जात्याच्या खुंट्यावर हिचे हात आणि त्या हातांवर आईचे हात. माझ्या जागेवर. मला पाहून आई उठली, पदराला हात पुसले, पण मला जवळ घेतलं नाही. माझ्या फ्रॉककडे बघत नुसती उभी राहिली. “गोजर, आक्काला पानी आन,” एवढंच म्हणाली.

जेवताना मला एक लहान पण जाड भाकर वाढली, लोणी घालून. मला अर्धीच गेली. गोजरनं तिची भाकर खाल्लीच नाही. माझ्या ताटाकडे बघत राहिली आणि फुरंगटून गोठ्यामागे निघून गेली. तेव्हाही वाटलं, किती कृतघ्न पोर आहे! माझी आई मिळाली, अजून काय हवं हिला?

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं असं लिहू नये. पण खोटं लिहायचं तर वही कशाला?


गाव, गुरुवार, ७ डिसेंबर

एसटीतून सगळा मुलूख पाहिला. झाडांच्या नुसत्या काड्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायामाणसं ओळीनं खडी फोडत बसलेली. सरकारी कामं निघाली आहेत. गोजरही जाते म्हणे. काकासाहेबाला नको वाटतं, पण ती ऐकत नाही.

संध्याकाळी ती कामावरून आली. पन्नाशीला टेकली आहे, पण पाठ ताठ. हात आईसारखे मोठे. आईच्या रक्ताची मी, आणि माझे हात असे बाहुलीसारखे. हात मात्र हिचे आईसारखे.

“आक्का, वाळलाव किती! शेरात खायाला देत न्हाईत व्हय?” म्हणत तिनं माझ्या कानशिलावरून हात फिरवून बोटं मोडली. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून राग आला.

देवघरात आईची देवी आहे, चांदीच्या टाकावरचा चेहरा झिजून गुळगुळीत झालेला. गोजरनं दिवा लावला. आई कशी होती ते मी विचारत होते आणि ती सांगत होती. दर नवरात्रात आई अनवाणी मोहट्याच्या देवीला जायची, गेल्या वर्षीपर्यंत. मंगळवारी, शुक्रवारी उपास. मानमोडीच्या साथीत दोन मुलं एकाच आठवड्यात गेली, तरी तिसऱ्या दिवशी तिनं पेरणी केली आणि देवीला म्हणाली, “तू तुजं काम केलंस, मी माजं करते.” वडील गेल्यावर बारा वर्षं मोट धरली, हंगामात एकदाही रान पडीक ठेवलं नाही. काकासाहेबाच्या लग्नात स्वतःच्या बांगड्या मोडल्या आणि सुनेला सांगितलं, चोरीला गेल्या.

हे सगळं मला गोजरकडून कळतं आहे. माझ्या आईचं आयुष्य मी हिच्याकडून मागून घेते आहे, ओंजळ पुढे करून.

“आईला तू काय म्हणायचीस?” मी विचारलं. ठाऊक होतं तरी.

“आईच की. मंग काय मामी म्हनू?”


गाव, शुक्रवार, ८ डिसेंबर

आज जातं पाहिलं. पडवीत तिथेच आहे. गावात गिरणी येऊन पंधरा वर्षं झाली. घरचं दळण गिरणीत जातं, पण आई रोज पायलीतलं थोडं तरी जात्यावर दळायचीच.

मी शेजारी बसले, खुंट्याला हात लावला आणि सहज एक फेरा दिला. रिकाम्याच जात्याला. गोजर चुलीपासून धावत आली आणि माझा हात धरला, चांगला घट्ट.

“आक्का! रिकामं नका फिरवू!”

“का? तुटतं का?”

“आईला खपायचं न्हाई. पाप लागतंय.”

माझ्या आईचं जातं, मला दिलेलं, आणि ही माझा हात धरते! सिस्टरांनी एक शिकवलं आहे, रागानं बोलायचं नाही. मनात ठेवायचं. त्यात मी तरबेज आहे.

दुपारी तिनं जात्याला पाणी घालून धुतलं, हळदकुंकू वाहिलं, आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी खुंट्याला बांधली आणि चक्क ओटी भरली. तांदूळ कुठले? पाच दाणे ज्वारीचे. शेजारच्या बनुबाई म्हणाल्या, “अगं, लेक सासरला धाडतीस का जातं?” तर ही म्हणते, “दोनीबी.” बायका हसल्या. मी हसले नाही. पाठवणी करणारी ही कोण?

मग गोजरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “आक्का, येकच ध्यानात ठेवा. दळाया बसलं की आदी दोन मुठी दानं काढायच्या. येक देवीची. ती मडक्यात ठेवायची, नवरात्रात न्यायची. दुसरी लेकीची. ती समद्यात शेवटाला येगळी दळायची, तिची येगळी भाकर करायची. आईनं येक दिस चुकवलं न्हाई.”

“लेकीची?”

“व्हय, लेकीची.”

“आणि ती भाकर कोण खायचं?”

“ल्हानपनी मीच खायचे. पुढं मग दारात यील ते.”

म्हणजे इतकी वर्षं, रोज, या घरात एक मूठ गोजरच्या नावानं बाजूला निघत होती. देवीच्या बरोबरीनं. मी तिकडे बोर्डिंगात आईची वाट पाहत होते, आणि इथे हिच्यासाठी वेगळी भाकर! तीही ‘लेकीची’ म्हणून!

मग पत्रातलं ‘लेकीला’ कुणासाठी होतं? काकासाहेबाला विचारायची हिंमत झाली नाही. त्यानं ‘गोजरला’ म्हटलं तर? मी उद्या पहाटेचीच गाडी पकडते. जातं घेऊन.


सावेडी, शनिवार, ९ डिसेंबर

जातं आलं. एसटीच्या टपावर दोन्ही पाळू, वरचा दगड आणि खालचा, वेगवेगळ्या बांधल्या होत्या. कंडक्टर म्हणाला, “बाई, ह्याचं फुल तिकीट लागंल. वजनानं ह्ये दोन मानसांचं हाय.” मग लुगड्याची पट्टी, हळदकुंकू पाहून त्यानं नमस्कार केला आणि सामानाचंच तिकीट फाडलं.

गोजर रस्त्यापर्यंत आली होती. गाडी वळेपर्यंत ती उभी होती. मी खिडकीतून हात केला नाही. माझ्या हातात पिशवी होती. (दुसरा हात मोकळा होता.)


शुक्रवार, १५ डिसेंबर

जातं व्हरांड्यात बसवलं. शेजारच्या कुलकर्णीबाई पाहून म्हणाल्या, “किती कलात्मक!”

रेशनवर मिलो मिळतो आहे, अमेरिकेची लाल ज्वारी. मी गव्हावर भागवते. दळायला बसले नाही. दोन मुठी काढायच्या तर दुसरी कुणाची? गोजरची मूठ मी काढणार नाही. आईनं काढली तेवढी पुरे.


गुरुवार, २१ डिसेंबर

आत्ताच लिहून ठेवलं पाहिजे.

सकाळी व्हरांड्यात बसले होते. गोजरनं माझा हात धरला होता त्याचा अजून राग होता. म्हटलं, रिकामं फिरवू नये म्हणे! माझं जातं आहे, कसंही फिरवीन. खुंटा धरला आणि रिकामं जातं जोरानं फिरवलं, एक फेरा, दोन, दहा.

आणि तो आवाज आला.

मी हात काढला. जातं दोन फेरे आपोआप फिरून थांबलं. मग मी आत जाऊन गहू आणले, मूठभर घातले आणि पुन्हा फिरवलं. घरघर. आईच्या मांडीवरचा आवाज. गहू संपेपर्यंत फिरवलं. शेवटचे दाणे गेले, पाळूवर पाळू घासली, आणि पुन्हा तोच. कर्कश, दगडावर दगड.

ओढ्यापर्यंत मला येत होता तो हा आवाज. मला कुठेही तो ओळखू येईल.

जात्यात काहीच नव्हतं. आई दळत नव्हती. घरात दाणा नव्हता. आदल्या रात्री मी भाकर मागत होते आणि नव्हतीच. मग ती रिकामं जातं का फिरवत होती? मी ऐकावं म्हणून? निघताना पोरीला वाटावं की घरात दळण चाललंय, मागे सगळे जेवतील, म्हणून? की तिला हाताला काहीतरी धरायला हवं होतं?

आता विचारायचं कुणाला? जिला विचारता येईल ती एकच आहे.


सोमवार, २५ डिसेंबर

नाताळ. सिस्टर आग्नेस असत्या तर आज कार्ड आलं असतं. बोर्डिंगात आम्ही जेवणाआधी हात जोडून म्हणायचो, देवा, आजची भाकर दिलीस म्हणून तुझे आभार. वर्षानुवर्षं म्हटलं. ती खरंच कुणी दिली याचा विचार कधी केला नाही. मला वाटे अप्पा फी भरतात.

आज परत फाटकाशी ती बाई आली. मी डबलरोटी दिली, सगळी.


गाव, गुरुवार, ४ जानेवारी १९७३

कुणाला न कळवता आले. गोजर घरी नव्हती. काकासाहेब म्हणाला, “कामावर आहे, माळाला. थांब, संध्याकाळी येईल.” मी थांबले नाही. चालत गेले.

माळावर शंभरेक बाया होत्या. उन्हात फडकी बांधून त्या हातोड्यानं दगड फोडत होत्या. गोजरनं मला लांबूनच ओळखलं.

“आगंबाई, आक्का! बसा की. समदा दगूडच हाय, कुठंबी बसा.”

मी तिच्या ढिगाशेजारी बसले. काय विचारायचं ते एसटीत दहा वेळा घोकलं होतं. ते सगळं विसरले आणि नुसतं म्हणाले, “गोजर, मी रिकामं जातं फिरवलं.”

तिनं हातोडा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं.

“ऐकू आलं?” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“आई सांगायची मला. ‘पोरगी गाडीत बसली, घरात दळाया दाना न्हवता. पुष्पीला कळंल म्हनून जातं फिरवलं. उटून दारात गेले असते तर तिला सोडलीच नसती.’ आसं म्हनायची. रिकामं जातं देवीला चालत न्हाई. मंग पाऊस पडला, साल गेलं, दोन गेली, तुमी काय आलाव न्हाई. आईला वाटलं, जातं रिकामं फिरवलं त्याचंच हे पाप. देवीफुडं बसली आन म्हनली, आजपासनं माज्या लेकीची येक मूठ. ती तिकडं परमुलखात कुनाच्या हातची खाती, मी हितं कुनाच्या तरी लेकीला घालीन. तू पोचव.”

“लेकीची मूठ,” मी म्हणाले. “माझी.”

“मंग कुनाची? तुमाला काय वाटलं?”

मी खरं सांगितलं. “तुझी.”

ती इतक्या मोठ्यानं हसली की पलीकडच्या साळूबाईनं “काय गं, मुकादम पडला का?” म्हणून विचारलं.

“माजी! आवो आक्का, मला तुमचा किती राग यायचा, ठाव हाय? ताटात भाकर टाकायची आन रोज म्हनायची, ‘जाऊ दे माज्या पुष्पीच्या पोटात.’ खात हुते मी, चावत हुते मी, आन जायचं तुमच्या पोटात! मंग माज्या पोटात काय जायचं, ह्यो मुरूम?” तिनं ढिगावर थाप मारली. “आन तुमी सुटीला आलाव की माजी ती भाकर बंद. तुमच्या ताटात. त्यावर लोनी. तुमी पांढरं झगं घालून आलावता, आटवतं? निम्मीच खाल्लीत.”

“आणि तू गोठ्यामागे गेलीस.”

“मंग. आईनं तुमची ती निम्मी मला गोठ्यामागं आनून दिली. म्हनली, ‘खा बाई, टाकू नगंस. तिच्या नावाची हाय.’ दिली तीबी तुमच्याच नावानं!”

आम्ही दोघी किती तरी वेळ हसत होतो. मग मी रडत होते आणि ती तिच्या मळक्या पदरानं माझं तोंड पुसत होती. धूळ सगळी तोंडाला लागली.

मी विचारलं, “जातं लेकीला द्या असं आई म्हणाली, तेव्हा जवळ कोण होतं?”

“मीच. तोंडात पानी घालत हुते. काकासायेब छावनीला गेलावता.”

“म्हणजे तू सांगितलंस म्हणून त्यानं मला लिहिलं? गोजर, लेक म्हणजे तू असशील. तुझ्याकडे बघूनच म्हणाली ना ती?”

“माज्याकडं बघूनच म्हनली.” तिनं हातोडा उचलला, दगड फिरवून नीट बसवला. “पर त्या घरात लेक म्हनलं की तुमीच, आक्का. मी गोजर.”

तिनं घाव घातला. दगड दोन तुकडे झाला. चाळीसहून जास्त वर्षं मी जिचा हेवा केला, तिला हा एक शब्दसुद्धा आपला वाटला नव्हता, आणि तो तिनं मला पत्रानं पाठवून दिला होता.


गाव, शुक्रवार, ५ जानेवारी

सकाळी गोजरला म्हटलं, “मी जातं परत आणते. ते तुझं आहे.”

“नगं. लेकीला दिल्यालं माघारी घ्यायचं नसतंय. दळा निस्तं. रिकामं ठिवू नका.”

“मग तूच चल माझ्याकडे. घर मोठं आहे, मी एकटी. खडी फोडायचं तुझं वय आहे का? दुष्काळापुरती तरी चल.”

शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. गोजर हसली, पण डोळ्यांत नव्हे.

“दुष्काळापुरतं म्हनून गेलेलं मानूस घरला येत न्हाई, आक्का. आई म्हनायची. आन देवीचा दिवा कोन लावंल?”

मग तिनं पडवीतली ती मोकळी जागा दाखवली. जात्याखालची जमीन गोल दबलेली होती. तिथे तिनं शेणानं सारवून रांगोळी काढली आहे.


सावेडी, रविवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून झाला. कुलकर्णीबाईंना वाटलं मला बरं नाही, कारण मी व्हरांड्यात जमिनीवर बसले होते.

आठ दिवस रोज दळते आहे. मिलोच आणला आहे रेशनचा, जे सगळे खातात ते. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आला. पीठ जाडं निघतं आणि भाकर थापली की कडेनं फाटते. कॉन्व्हेंटमध्ये क्रोशा शिकवला, हे नाही शिकवलं. एकटीनं जातं जड जातं. समोर कुणी असतं तर सोपं झालं असतं. समोर कोण असावं ते मला ठाऊक आहे, ते लिहायला आता लाज वाटत नाही.

आधी दोन मुठी काढते. पहिली देवीची. मडकं नाही, बिस्किटांचा डबा केला आहे. नवरात्रात घेऊन जाईन. गोजर म्हणाली, मोहट्याला अनवाणी यायचं. बघू. निदान शेवटचा चढ तरी.

दुसरी मूठ शेवटी वेगळी दळते. आज तिची भाकर केली तेव्हा फाटकाशी ती बाई आलीच होती. तिचं नाव भागूबाई. जामखेडच्या अलीकडची. मी भाकर दिली. तिनं ती मुलीला दिली, आणि मुलगी खाताना मी बघत उभी राहिले. तोंडातल्या तोंडात आईचंच वाक्य म्हटलं, नाव तेवढं बदलून. भागूबाईनं विचारलं, “काय म्हनलाव, बाई?” मी म्हटलं, काही नाही.

दुसरी मूठ गोजरची. पण सुपातून काढताना आज नीट पाहिलं, तर माझ्या हातात मावते ती मूठ फारच लहान. आईच्या हाताची केवढी तरी मोठी असणार. गोजरचीही तेवढीच असेल. याचा मला आजही हेवा वाटला, खोटं कशाला लिहू?

मग हात पुन्हा सुपात घातला आणि आणखी अर्धी काढली.